अब्राहाम म्हणजे ब्रह्मा नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात सांगायचं तर त्यातला दावा असा: ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान ज्याला मूळपुरुष मानतात तो अब्राहाम म्हणजे आपला ब्रह्मा. ‘ब्रह्मा’मधला शेवटचा ‘आ’ उचलून पुढे ठेवला की ‘अब्रह्म’ तयार. त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती. साराची दासी हागार म्हणजे सरस्वतीला मिळणारी घग्गर नदी. मुलगा इसहाक म्हणजे ‘ईश-सखा’. अब्राहाम हे नाव हजारो वर्षं घरोघरी ठेवलं जातं, यावरून ते देवाचं असणार हे उघड आहे. आणि साक्षीला अ‍ॅरिस्टॉटल आणि १८व्या शतकातला फ्रेंच लेखक व्होल्तेर.

लिहिणाऱ्याने मेहनत घेतली आहे, हे मान्य. म्हणून ‘काहीही!’ म्हणून सोडून न देता एकेक मुद्दा तपासू.

‘ब्रह्मा’चा ‘आ’ पुढे गेला

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या ११व्या अध्यायात, हा माणूस पहिल्यांदा भेटतो. तिथे त्याचं नाव अब्राहाम नाही, अब्राम आहे. पुढचे पाच अध्याय तो अब्रामच असतो. १७व्या अध्यायात, वयाच्या ९९व्या वर्षी, देव त्याचं नाव बदलून अब्राहाम करतो. म्हणजे ज्या ‘ह’मुळे आपल्याला ब्रह्म आठवतो, तो ‘ह’ मुळात नव्हताच. तो नंतर आला. आपले व्याकरणकार ब्रह्मन् हा शब्द बृह् या धातूवरून लावतात, म्हणजे वाढणं, विस्तारणं, ‘बृहत्’ही त्यातलाच. त्यातून ‘ह’ काढला तर धातूच उरत नाही.

मग अब्राम म्हणजे काय? इब्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत, हे दोन शब्द आहेत. ‘अव’ (जुना उच्चार ‘अब’) म्हणजे बाप आणि ‘राम’ म्हणजे उंच, थोर. ‘बाप थोर आहे’ किंवा ‘थोर बाप’. यातला बाप बहुधा देवच. हा अर्थ कुणी ओढूनताणून काढलेला नाही, कारण याच साच्यातली नावं त्या मुलखात पैशाला पासरी आहेत. मोशेविरुद्ध बंड करणारा अबीराम गणना पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. असीरियाच्या नोंदींत इ.स.पू. ७व्या शतकातला अबी-रामू नावाचा मोठा अधिकारी आहे. ‘बापा’च्या जागी ‘भाऊ’ घातला की अहीराम होतो. लेबनॉनमधल्या बिब्लोस शहराच्या या नावाच्या राजाची दगडी शवपेटी १९२३ साली सापडली. तिच्यावर फिनिशियन लिपीतला लेख आहे आणि ती बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. शलमोनाला मंदिरासाठी गंधसरूचं लाकूड पुरवणारा सोरचा राजा हीराम हे याच नावाचं छोटं रूप. ‘यहोवा (बायबलमधला देव) थोर आहे’ म्हणजे यहोराम. पुढच्या ‘अब’चाही असाच गोतावळा आहे: अबशालोम, अबनेर, अबीमलेख, अबीगईल. ब्रह्माचा ‘आ’ पुढे सरकला असं मानायचं तर अबीगईल कुणाचा ‘आ’ सरकून झाली, हेही सांगावं लागेल.

‘थोर बाप’चं ‘अब्राहाम’ का झालं, याचं बायबलने दिलेलं कारण मात्र लंगडं आहे. ‘मी तुला अनेक राष्ट्रांचा पिता केलं आहे’ असं देव म्हणतो आणि त्यात ‘हामोन’, म्हणजे समुदाय, या शब्दाशी ध्वनींचा खेळ आहे. व्याकरणाने अब्राहामातून ‘हामोन’ निघत नाही. बरेच अभ्यासक अब्राहाम हे अब्राम याच नावाचं लांबवलेलं रूप मानतात. थोडक्यात, नादावरून अर्थ लावण्याची हौस बायबललाही आहे.

जाता जाता: ‘अब्राममध्ये राम आहे’ आणि ‘रामल्ला म्हणजे राम अधिक अल्ला’ हे याच मजकुराचे धाकटे भाऊ. त्या ‘राम’चा अर्थ उंची. पॅलेस्टाईनमधलं रामल्ला टेकड्यांवर वसलेलं आहे. विषय संपला.

‘घरोघरी ठेवलं जाणारं नाव’

हा मुद्दा वाचून मला खरं तर हसू आलं, कारण इतिहास नेमका उलटा आहे. अब्राहाम हे नाव फार मोठ्या काळापर्यंत जवळजवळ कुणी ठेवतच नव्हतं. अख्ख्या इब्री बायबलमध्ये त्या एका माणसाखेरीज दुसरा अब्राहाम नाही. मोशे आणि दावीद यांचंही तसंच. एवढी मोठी नावं, पण ग्रंथभर धारण करणारा एकेकच. पुढे तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात शेकडो पंडित बोलतात, वाद घालतात, एकमेकांची खोड काढतात. त्यांत अब्राहाम नावाचा माणूस हुडकूनही सहज सापडत नाही. मूळपुरुषाचं नाव पोराला देण्याचा संकोच असावा असा एक तर्क आहे.

मध्ययुगात चित्र बदललं. १२व्या शतकातला स्पेनचा कवी आणि भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा, ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीजचा मुलगा अब्राहाम, अशी नावं तेव्हा दिसू लागतात. मुसलमानांत इब्राहीम हे नाव तर पैगंबरांच्या मुलाचंच होतं. युरोपात प्रॉटेस्टंट चळवळीनंतर संतांची नावं मागे पडून जुन्या करारातली नावं पुढे आली आणि त्या लाटेत अब्राहाम इंग्लंड-अमेरिकेत पोचला. लिंकनला ते त्याच्या आजोबांवरून मिळालं. तेव्हा या नावाची लोकप्रियता मूळ कथेच्या मानाने फार उशिराची आहे. ती ब्रह्म्याच्या प्राचीनतेचा पुरावा कशी ठरणार?

‘सारा म्हणजे सरस्वती’

तिचंही पहिलं नाव वेगळं आहे: साराय. ‘सार’ म्हणजे सरदार, अधिकारी. ‘सारा’ त्याचं स्त्रीलिंग, म्हणजे सरदारीण, राजघराण्यातली स्त्री. प्राचीन इराकच्या अक्कडी भाषेत याच कुळातले ‘शर्रू’ म्हणजे राजा आणि ‘शर्रातू’ म्हणजे राणी हे शब्द आहेत. सारगॉन राजाचं खरं नाव शर्रू-किन. हा शब्द अजून जिवंत आहे. इस्रायलच्या वर्तमानपत्रांत मंत्र्याला ‘सार’ आणि मंत्रीणबाईंना ‘सारा’ लिहितात. तिथे सरस्वती घालून बातमी वाचून बघा.

सरस्वतीचं नाव संस्कृतात तितकंच स्वच्छ उलगडतं. सरस् म्हणजे पाणी, तळं (आपलं सरोवर). सरस्वती म्हणजे तळ्यांची, पाण्याची. त्यातलं पहिलं ‘सर’ तेवढं ठेवून बाकीचं नाव फेकून द्यायचं कारण काय, तर साराशी जमवायचं आहे म्हणून!

इथे एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर हा मुद्दा पुन्हा उभा राहू नये. सरस्वती हे नाव पश्चिमेकडे खरोखरच आहे आणि त्याचं तिथलं रूप लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. सिंधूचं इराणात हिंदू झालं हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्याच नियमाने सरस्वतीचं पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘हरख्वैती’ आणि इराणी सम्राट दारयवहूच्या (डरायसच्या) शिलालेखात ‘हरउवती’ होतं. ग्रीकांनी त्याचं अराखोसिया केलं; आजचा कंदाहारचा परिसर. म्हणजे इराणमार्गे गेलेली सरस्वती ‘ह’ने सुरू होते. तिची सारा होणं शक्य नाही.

यावर जाणकार माणूस म्हणेल, इराणखेरीज दुसरी वाट होती की. बरोबर. सीरियाच्या उत्तरेला मितान्नींचं राज्य होतं. त्यांच्या राजाने इ.स.पू. १४व्या शतकात हित्ती राजाशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावलं आहे. ही पाटी तुर्कस्तानात बोगाझकोय इथे सापडली, आणि नासत्यातला ‘स’ तिथे ‘ह’ झालेला नाही. पण जे वैदिक देव तिथवर गेले ते ओळखू येतात. ‘इंदर’ वाचलं की इंद्र समजतो, कुठलंही अक्षर मागचं पुढे करावं लागत नाही. आणि त्या यादीत ब्रह्मा नाही, सरस्वतीही नाही.

असण्याचं कारणही नव्हतं. ऋग्वेदात ‘ब्रह्म’ म्हणजे स्तोत्र, मंत्र. चार तोंडांचा सृष्टिकर्ता ब्रह्मा पुष्कळ नंतरचा. ऋग्वेदातली सरस्वती नदी आहे, देवी आहे, पण ब्रह्म्याची बायको नाही. ते नातं नंतरच्या ग्रंथांचं. मजकूर अब्राहामाला चार हजार वर्षं मागे नेतो आणि त्याच्या पदरात ही पुराणातली जोडी टाकतो. ‘दोन्हीकडे बायको आधी नातलग होती’ असंही त्यात असतं. उत्पत्तीच्या २०व्या अध्यायात सारा ही अब्राहामाची सावत्र बहीण आहे. पुराणात सरस्वती ब्रह्म्यापासूनच उत्पन्न झालेली, म्हणजे लेक. बहीण आणि लेक यांतला फरक आपल्याकडे तरी कुणाला समजावून सांगावा लागू नये.

हागार, इसहाक वगैरे

हे पटकन उरकतो. बायबलमधली हागार मिसरची, म्हणजे इजिप्तची, आणि ती भटकते बैर-शेबाच्या वाळवंटात. ऋग्वेदात घग्गर हे नावच नाही. सरस्वतीच्या जोडीला तिथे दृषद्वती येते, तीही तिसऱ्या मंडलात. दोन-तीन हजार वर्षांनंतरचं बोलीतलं नदीचं नाव घेऊन त्यावरून त्या काळच्या मिसरी दासीचं नाव सिद्ध होत नाही.

इसहाक, इब्रीत यित्स्खाक, म्हणजे ‘तो हसतो’. म्हाताऱ्या जोडप्याला मूल होणार हे ऐकून १७व्या अध्यायात अब्राहाम हसतो, १८व्यात सारा हसते आणि २१व्यात, मूल झाल्यावर, ‘देवाने मला हसवलं’ म्हणते. सगळी गोष्ट त्या क्रियापदाभोवती गुंफलेली आहे. ‘ईश-सखा’ केलं की कथेतला विनोदच जातो. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’, आणि तेही १६व्या अध्यायात स्पष्ट सांगितलेलं आहे.

अ‍ॅरिस्टॉटलची साक्ष

अ‍ॅरिस्टॉटलच्या आज उपलब्ध असलेल्या कुठल्याही ग्रंथात ‘ज्यू हे भारतीय तत्त्वज्ञांचे वंशज’ हे वाक्य नाही. ते इ.स.च्या १ल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस देतो, तोही अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य क्लिआर्कस याच्या एका संवादातून. त्या संवादातला अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की ज्यू हे भारतीय तत्त्वज्ञांचे वंशज आहेत आणि भारतात त्या तत्त्वज्ञांना ‘कालानोई’ म्हणतात. आता हा शब्द आला कुठून? अलेक्झांडरला तक्षशिलेत भेटलेल्या आणि पुढे इराणात स्वतःची चिता पेटवून घेतलेल्या साधूला ग्रीक कालानोस म्हणत. एका माणसाच्या नावावरून त्यांनी अख्खा पंथ बनवला. ग्रीकांना अनोळखी पूर्वेकडचा प्रत्येक व्रतस्थ माणूस एकमेकांचा नातलग वाटे. आणि मुख्य म्हणजे या उताऱ्यात अब्राहाम नाही, ब्रह्माही नाही.

व्होल्तेर, आणि त्याच्या आधीचे

हा मुद्दा खरा आहे. व्होल्तेरला अब्राहामाचं मूळ भारतात आहे असं वाटत होतं आणि त्याने ते लिहिलंही. पण मजकूर सांगत नाही ती गंमत अशी की ही जुळवाजुळव त्याच्या आधीपासून चालू होती, आणि तेव्हा बाण उलट्या दिशेला होता.

उत्पत्तीच्या २५व्या अध्यायात अब्राहाम आपल्या उपपत्नींच्या मुलांना देणग्या देऊन पूर्वेकडे धाडतो. १६व्या शतकात गियोम पोस्तेल या फ्रेंच पंडिताने यावरून असं मांडलं की भारतातले ब्राह्मण म्हणजे ‘अब्राह्मण’, अब्राहामाची पोरं. न्यूटनसारख्या माणसाने हीच गोष्ट उचलली. त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या कालगणनेच्या ग्रंथात ब्राह्मणांचं नाव कटूरा या दुसऱ्या बायकोपासून झालेल्या अब्राहामाच्या मुलांवरून पडल्याचं मानतात, असं तो लिहितो. तात्पर्य काय, तर तुमचं जे चांगलं आहे ते आमच्या अब्राहामाने पाठवलेलं.

व्होल्तेरला चर्चची जिरवायची होती. बायबलपेक्षा जुना धर्म त्याला हवा होता, म्हणून त्याने तोच बाण फिरवला. त्याला ज्या ‘वेदा’चं फार कौतुक होतं तो ‘एझूरवेदम’ त्याच्याकडे १७६०च्या सुमारास आला. वेदांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो मिशनऱ्यांनी रचलेला होता, हे १७८२ साली सोन्नेरा या फ्रेंच प्रवाशाने उघड केलं. व्होल्तेर तोवर वारला होता.

म्हणजे एकाच ध्वनिसाम्यावरून न्यूटनला ब्राह्मण अब्राहामाचे वंशज वाटले आणि व्होल्तेरला अब्राहाम ब्राह्मणांचा. मजकूर पुढे पाठवणाऱ्याने यातला आपल्याला आवडणारा अर्धा भाग घेतला.

मग काहीच संबंध नाही?

आहे ना. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात राजवाड्याच्या पडद्यांचं वर्णन करताना ‘कर्पास’ हा शब्द येतो. तो आपला संस्कृत कर्पास, मराठीतला कापूस. त्याच पुस्तकाच्या पहिल्या ओळीत ‘होद्दू’ येतो, म्हणजे सिंधूचा हिंदुस्थान, इराणमार्गे. बायबलच्याच गीतरत्न या पुस्तकातला ‘नेर्द’ हा संस्कृत नलद. हे शब्द मालाबरोबर गेले: कापूस गेला, सुगंधी मुळं गेली, त्यांची नावंही गेली. व्यापारी कुठून गेले, ध्वनी कसे बदलले, हे सगळं दाखवता येतं.

आणि उलट दिशेनेही नावं आली, थेट आपल्या कोकणात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, शतकानुशतकं अलिबाग-पेणच्या बाजूला तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. त्यांनी आपली इब्री नावं मराठी वळणाची करून घेतली. १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनागृह) बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी होते. १९व्या शतकात या समाजाने बायबलमधल्या चरित्रांवर मराठी कीर्तनं रचली आणि टाळ-झांजांच्या साथीत म्हटली. ब्रह्मा आणि सरस्वती दोघंही त्यांच्या शेजाऱ्यांच्या देवघरात होते, इब्री प्रार्थना त्यांच्या स्वतःच्या घरात होती. दोन्ही भाषांचे कान असलेल्या या माणसांनी अब्राहामाचा ब्रह्माजी केला नाही. त्यांनी अबाजी केला.