‘आम्हाला कुठे काय झालं?’ असं विचारणाऱ्या वाचकास

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लहानपणी पडद्यावर बघितलेली भीती किती वर्षं मनात घर करून राहते, यावर मी लिहिलं होतं. तुमच्या मते तो निव्वळ बाऊ आहे. तुमची पिढी सगळं बघत मोठी झाली, कुणाचं काही बिघडलं नाही. ‘झपाटलेला’ तर विनोदी चित्रपट, त्याला घाबरलो असं चारचौघांत सांगायचं तरी कशाला? आणि मूल घाबरलंच, तर ‘अरे, हे खोटं असतं’ म्हटलं की विषय संपला.

आधी तो विनोदी चित्रपट घेऊ. महेश कोठारेंनी १९९३ साली तो हसवायलाच काढला आणि मोठी माणसं पोट धरून हसली, हे कबूल. पण आपण बघतोय ते विनोदी आहे हे कळायला चार चित्रपट बघून झालेले असावे लागतात. पाच वर्षांच्या पोराला लक्ष्मीकांत बेर्डेंची तारांबळ दिसतच नाही, त्याला तात्या विंचू दिसतो. तो बाहुला रामदास पाध्येंचा, म्हणजे शब्दभ्रमकाराच्या हातचा. बोलका बाहुला कधी जवळून बघितलात का? तोंडाच्या दोन्ही कडांपासून हनुवटीपर्यंत सरळ चिरा असतात. बोलताना तेवढाच जबडा खालीवर होतो. गाल, कपाळ ढिम्म. मान न वळवता डोळे तेवढे बाजूला सरकतात. शेजारी त्याला बोलवणारा माणूस बसलेला असला की याच गोष्टींची मजा वाटते. चित्रपटाने तो माणूसच चौकटीबाहेर काढला. मग जे उरतं त्याला मूल घाबरलं, तर माझ्या मते ते चित्रपट अगदी नीट बघत होतं.

आता ‘खोटं असतं’चं बघू. जोअॅन कँटर या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलं. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही मालिका चालू असतानाच्या काळात लहान मुलांच्या पालकांकडून एक तक्रार वारंवार यायची, की पोरं या मालिकेला घाबरतात. मोठ्यांना याचं नवल वाटे, कारण हल्क हा चांगल्यांच्या बाजूचा, संकटात धावून येणारा. कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी मुलांना मालिकेतले प्रसंग दाखवून बघितले. तीन ते पाच वर्षांची मुलं सर्वांत जास्त घाबरली ती साधा माणूस फुगत, फाटत हिरवा होतो तेव्हा. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना नेमका तोच क्षण फारसा जड गेला नाही. आता हा सगळ्यांना वाचवणार, हे त्यांना ठाऊक होतं. लहान मुलाचा हिशेब दिसण्यावर चालतो. समोर जे दिसतंय ते भयंकर आहे, एवढंच. ते खरं की खोटं हा प्रश्न त्याच्याकडे अजून आलेलाच नसतो, आणि तुम्ही त्याचं उत्तर देत बसता. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तुमचं वाक्य उपयोगी पडेल. चार वर्षांच्याला मांडी लागते, पांघरूण लागतं, टीव्ही बंद झालेला लागतो.

फ्रेड रॉजर्स हे अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार. ते कॅमेरा घेऊन थेट हल्कच्या सेटवर गेले आणि लू फेरिग्नो या नटाला हिरवा रंग फासतात कसा, ते त्यांनी पोरांना दाखवलं. ‘खोटं आहे’ हे तुम्ही तोंडाने सांगता, या माणसाने ते डोळ्यांना दाखवलं. यातला फरक मला फार मोठा वाटतो.

‘कुणाचं काही बिघडलं नाही’ हे तर तुम्हीच खोडून काढलंय. तुमच्याच प्रतिक्रियेत खाली लिहिलंय की बाहुली तोंड इकडे करून ठेवलेली असली तर तुम्हाला अजूनही झोप लागत नाही! रागावू नका, तुम्ही एकटे नाही. कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या अशा आठवणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ९० टक्के जणांना अशी एखादी आठवण होती, आणि साधारण चौथा हिस्सा असा होता की ज्यांच्या मनातून ती धास्ती तोवर गेलेली नव्हती. कँटर यांच्याच दुसऱ्या एका लेखात ‘जॉज’ बघून पोहायला घाबरणारी माणसं भेटतात. समुद्रात नव्हे हो, तळ्यात आणि तरणतलावात. तिथे शार्क नसतो हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? (त्या चित्रपटातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो बराच वेळ न दाखवता नुसत्या संगीतावर भागवावं लागलं. लोक घाबरून बसले ते बहुतेक न दिसलेल्या शार्कला.)

सर्टिफिकेट बघून दाखवावं, बाकी विचार करू नये, असंही तुम्ही म्हणता. १९७८ साली सशांवरचा ‘वॉटरशिप डाउन’ हा कार्टूनपट ब्रिटनमध्ये ‘यू’ म्हणून, म्हणजे सर्वांसाठी, पास झाला. परीक्षकांचं म्हणणं साधारण तुमच्यासारखंच होतं: गोष्ट संपली की मुलांना त्याचा फारसा त्रास उरणार नाही. रक्ताळलेले ससे बघून रडलेल्या मुलांच्या आठवणी त्यानंतर इतकी वर्षं निघत राहिल्या. चाळीसहून जास्त वर्षांनी तिथल्या त्याच परीक्षण मंडळाने तो ‘पीजी’त, म्हणजे पालकांनी लक्ष ठेवून दाखवायच्या चित्रपटांत, टाकला.

एक गोष्ट मात्र तुमची पटली. मुलांना घाबरायला आवडतं. बोटांच्या फटीतून बघण्यात जी चैन आहे ती मी कुणाची हिरावून घेणार नाही, आणि भीतीचं सगळंच बंद करा असं मी लिहिलेलंही नव्हतं. फक्त ती फट केव्हा मिटायची, हे ज्याची बोटं त्याने ठरवावं.

शेवटी तुम्ही बजावलंय की ‘मी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला झपाटलेला दाखवणारच.’ खुशाल दाखवा, पण दिवसा दाखवा आणि शेजारी बसा. तो डोळ्यांवर हात घेईल तेव्हा आधी आवाज बारीक करा, कारण डोळे झाकले तरी कान उघडेच असतात आणि निम्मी भीती तिथूनच आत जाते. बंद कर म्हणाला तर बंद करा, आणि त्या वेळी हसू नका. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून ‘पुढचा भाग लाव’ म्हटलं, तर इथे येऊन जरूर कळवा.