पोरांना घाबरवून झोपवा, असं कुठल्या किताबात लिहिलंय?

‘लहान मुलं रात्री का घाबरतात? प्रत्येक मुसलमान आई-बापानं वाचा, दहा जणांना पाठवा.’ हा मेसेज कुर्ल्यापासून मुंब्र्यापर्यंत सगळ्यांच्या खानदानी ग्रुपांवर फिरतोय. मी न वाचताच डिलीट करत होते. पण माझ्या धाकट्या बहिणीनं त्यातलं सगळं आपल्या सहा वर्षांच्या मुलावर करून पाहिलं, आणि आता तो दिवसाढवळ्याही मोरीत एकटा जात नाही. म्हणून लिहिते, आणि चिडून लिहिते.

सगळ्यात भयंकर सल्ला आधी घेते. म्हणे झोपताना मुलाला कब्रीतला अंधार, साप-विंचू, अजाब म्हणजे मेल्यानंतरची शिक्षा, सगळं नीट समजावून सांगा. भीती बसली की नमाजची गोडी लागते. भीतीनं कसली गोडी लागते हो? आणि सहा वर्षांच्या पोराला अजाब कशाचा? तिघांवरून कलम उचललेलं आहे, म्हणजे त्यांचे गुन्हे लिहिलेच जात नाहीत, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल बालिग, म्हणजे वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. म्हणजे झोपलेलं मूल तर दोन्हीकडून सुटलं!

अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, यांच्यासोबत सहाबी, त्यांचे साथीदार, प्रवासात होते. एक जण झोपला होता. दुसऱ्यानं जाऊन त्याच्याजवळची दोरी उचलली, आणि तो दचकला. एवढंच घडलं. त्यावर हुजूर (स.) म्हणाले, मुसलमानानं मुसलमानाला घाबरवणं हलाल नाही. तिथे दचकलेला मोठा माणूस होता, आणि तेवढंही चाललं नाही. इथे दुधाचे दात पडणारं पोर आहे, आणि आपण मुद्दाम, रोज, दिवे मालवून त्याला घाबरवायचं?

झोपताना काय करायचं तेही बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे, हुजूरांच्या पत्नी हजरत आयेशांच्या तोंडून. दोन्ही हात जोडून त्यात इखलास, फलक, नास या कुराणातल्या छोट्या सुरा पढून फुंकर, मग डोकं-चेहऱ्यापासून जमेल तितक्या अंगावरून हात, तीन वेळा. माझ्या भाच्याला त्या फुंकरीनं गुदगुल्या होतात, तो चौथ्यांदा मागतो. त्या मेसेजमध्ये याचं नावही नाही.

दुसरा मुद्दा: मूल रात्री किंचाळून उठलं, डोळे उघडे असून आईला ओळखत नसेल, तर जिनाचा साया, डॉक्टरकडे नेऊ नका. हे वाचून माझं डोकंच फिरलं. गाढ झोपेतून मूल अर्धवट जागं होतं तेव्हा नेमकं असंच दिसतं. बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात होतं, घाम येतो, काही मिनिटांत मूल परत झोपतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. जागरण झालं किंवा ताप असला की जास्त होतं. गदागदा हलवून उठवू नका, पडणार-आपटणार नाही एवढं बघा. बहुतेक मुलांचं वयाबरोबर जातं. पण वारंवार व्हायला लागलं, अंगाला झटके येत असले, तर डॉक्टरला दाखवाच. परळचं वाडिया खास मुलांचंच हॉस्पिटल आहे. दम, म्हणजे पढून फुंकर, करायचा तर खुशाल करा, दुआ पढा. त्यानं डॉक्टरचा दरवाजा बंद होत नाही.

तिसरा मुद्दा: म्हणे नाइट लॅम्प हराम, कारण हदीसमध्ये दिवा विझवायला सांगितलंय. सांगितलंय खरं. पण का, ते पुढच्याच वाक्यात आहे: उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल. आमच्या चाळीत उंदीर भरपूर, पण प्लगमधला एलईडी ओढून नेणारा अजून निघायचा आहे.

मगरीबच्या वेळी, म्हणजे सूर्य मावळताना, मुलांना घरात घ्या, हे मात्र बरोबर. हदीस आहे. फक्त थोडा वेळ गेला की सोडा, हेही तिथेच आहे, ते गाळलंय.

वाईट स्वप्न कुणाला सांगू नये, हेही आहे, नाकारत नाही. पण डावीकडे तीनदा हलकं थू करून अल्लाहची पनाह मागावी, कूस बदलावी, हे त्यासोबतच आलंय. पोरांना ते जमतं आणि मजाही येते. थरथरत कुशीत शिरलेल्या पोरानं ‘अम्मी, कुत्रा मागे लागला होता’ म्हटलं तर त्याचं तोंड दाबायचं, असं मी तरी मानत नाही. आधी जवळ घ्या.

मेसेजच्या तळाशी मोबाइल नंबर आहे, ‘बच्चों का खास ताविज’ आणि हदिया, म्हणजे दक्षिणा, अकराशे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना जाऊन विचारावं. त्या नंबरवर नको.