भुयारातले भाऊजी

नवतपा लागला, पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि घरातला कूलर गरम हवाच तेवढ्या जोरात फेकू लागला, तेव्हा दोन तास गारव्यात बसण्याचा परवडणारा मार्ग म्हणून मी सिनेमाची दोन तिकिटे काढली. चित्रपट कोणता, हा प्रश्न दुय्यम होता. तो भयपट निघाला आणि भुयारांत घडणारा निघाला, इथपर्यंतही माझी तक्रार नव्हती. परंतु दुसरे तिकीट भाऊजींचे होते. भाऊजींनी सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणींत मायनिंग सरदार म्हणून, म्हणजे कामगार आत जाण्याआधी खाणीची सुरक्षितता तपासणारा माणूस म्हणून, तीस वर्षे काढली आहेत. अशा माणसाला भुयाराच्या भयपटाला नेणे म्हणजे निवृत्त आचाऱ्याला पंगतीत बसवण्यासारखे आहे, हे मला आधीच सुचायला हवे होते.

पडद्यावर पॅरिसखालची भुयारे होती. मुळात या चुनखडीच्या जुन्या खाणी. शहरातल्या दफनभूमी ओसंडू लागल्यावर १७८६ पासून तिथली हाडे या खाणींत आणून रचली गेली आणि आज तिथे सुमारे साठ लाख लोकांचे अवशेष आहेत. एवढा समुदाय आयता हाताशी असताना दिग्दर्शकाने त्यांतल्या एकालाही काम दिले नव्हते. पांढरी पावडर फासलेली एक बाई दर दहा मिनिटांनी कोपऱ्यावरून डोकावत असे आणि ती येण्याआधी व्हायोलिनवाले आम्हांला रीतसर वर्दी देत असत. त्यातच नायिका घामाने निथळत होती. त्या भुयारांत बारा महिने १४ अंशांच्या आसपास तापमान असते, हे ठाऊक असल्यामुळे नवतप्यातून आलेल्या मला तिची कीव येण्याऐवजी तिचा हेवाच वाटू लागला.

भाऊजी मात्र तिच्याकडे पाहतच नव्हते. ते छताकडे पाहत होते.

"टेकू कुठं हाये? अन् हे पोट्टे छत न ठोकता अंदर घुसून राहिले!"

मग त्यांनी, त्यांच्या मते हळू आवाजात, समजावून सांगितले की काठीने छत ठोकल्यावर घट्ट दगड टणटणतो आणि सुटलेला दगड भदभद वाजतो; हे ऐकल्याशिवाय सरदार माणसे आत सोडत नाही. पुढच्या रांगेतला एक तरुण आम्हांला गप्प करण्यासाठी मागे वळला, आणि "मग काय झालं काका?" असे विचारून तसाच वळलेला राहिला. इतक्यात नायकाने मशाल पेटवली. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीही पुरते, या विचाराने भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. चुनखडीच्या खाणीत मिथेनची फारशी धास्ती नसते, हे मी त्यांना सांगितले नाही. आमच्या रांगेत कोणीतरी घाबरलेले असणे तिकिटाच्या दृष्टीने मला आवश्यक वाटले.

मध्यंतरात पॉपकॉर्नची किंमत ऐकून झाल्यावर मी मोबाइलवर वाचलेले त्यांना सांगितले. १७७४ मध्ये पॅरिसमधल्या एका रस्त्याचा बराच भाग या खाणींत कोसळला, १७७७ मध्ये राजाने खाणींच्या तपासणीसाठी स्वतंत्र खाते नेमले, आणि त्या लोकांनी जमिनीखाली खांब व भिंती बांधून वरचे शहर सावरून धरले.

"मग त्या इन्स्पेक्टरवर काढाचा होता ना पिच्चर!" भाऊजी म्हणाले, आणि उत्तरार्धात शांतपणे झोपले.

चित्रपट संपल्यावर आम्ही इमारतीच्या दुसऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलो. छत हाताला लागेल इतके खाली होते आणि माझ्या स्कूटरच्या बरोबर वर ओलीचा एक मोठा डाग पसरला होता. भाऊजींनी सवयीने काठी उचलून त्या डागावर ठोकली, कान दिला, मग दोन हात सरकून पुन्हा ठोकली.

"गाडी काढ," ते म्हणाले.

"का हो, काय झालं?"

"काई नाई. तू गाडी काढ."

मी चावी लावू लागलो. ती कुलपात शिरेना.