पूरग्रस्तांचे पैसे परदेशात गेले म्हणे! जरा थांबा

आमच्या सांगलीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की केंद्राने एका वर्षात 2 लाख कोटी परदेशाला फुकट वाटले आणि कृष्णेच्या पुरात बुडालेल्यांना ठेंगा दाखवला. राग कळतो राव, 2019 ला आमच्या पण घरात पाणी होतं, पण आकडा तरी बघायचा ना.

2025-26 च्या बजेटमध्ये परराष्ट्र खात्याला अख्खे मिळून 20,516 कोटी होते, म्हणजे दूतावास, पगार, पासपोर्ट सगळं त्यातच, आणि त्यातले इतर देशांच्या मदतीला साधारण 5,483 कोटी. बजेट 50 लाख कोटींच्या वर, म्हणजे शंभर रुपयातले 11 पैसे पण नाहीत. सगळ्यात मोठा वाटा भूतानचा, 2,150 कोटी, आणि त्यातलं पण काही कर्ज म्हणून.

2022 ला श्रीलंका डबघाईला आली तेव्हा 4 अब्ज डॉलर दिले ते खरंय, पण ते बहुतेक उधारीवर, डिझेल-औषधं घ्यायला. निव्वळ फुकट म्हणजे अफगाणिस्तानला जाहीर केलेला 50,000 टन गहू, गाझासाठी इजिप्तमार्गे पाठवलेली औषधं-तंबू असलं.

आणि पुराची मदत येते ती राज्य आपत्ती निधीतून, त्यात केंद्राचे 75 टक्के, राज्याचे 25. तो खिसाच वेगळा. पंचनामा रखडला तर तलाठी-तहसीलदाराला धरा की, भूतानला कशाला शिव्या?