टेम्पररी कॅप ही ‘वरकमाई’ आहे का?

कॅपसाठी दात तासला, की पक्की कॅप लॅबमधून येईपर्यंत त्यावर तात्पुरती टोपी बसवतात, ती टेम्पररी कॅप. तिच्यावरून दादरपासून विरारपर्यंतच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “टेम्पररी कॅप ही डेंटिस्टची वरकमाई. आठ दिवस दात उघडा राहिला तरी बिघडत नाही. शिवाय ती बनवते असिस्टंट. निघालीच तर फेविक्विक लावा.”

उघड्या दातापासून सुरुवात करू. कॅपसाठी दाढ वरून दीड-दोन मिलिमीटर तासलेली असते. रूट कॅनल झालेलं नसेल, तर गार पाण्याचा एक घोट घ्या आणि मग मेसेज पुढे पाठवा. झालं असेल तर कळ येणार नाही, पण शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, हिरडी तासलेल्या दाताच्या कडेवर चढते आणि लॅबमधून आलेली कॅप बसत नाही. पुन्हा माप, पुन्हा अर्धी रजा. हा खर्च मेसेजवाल्याने धरलेला नाही. मशीनवर त्याच दिवशी कॅप कोरून मिळत असेल, तर मात्र टेम्पररी लागत नाही, हे खरं.

‘असिस्टंट बनवते’ हेही बरंचसं खरं, आणि त्यात लपवायचं काय? दात तासण्याआधी पुट्टीचं माप (मऊ लगद्यात घेतलेला दाताचा ठसा) घ्यायचं राहिलं, की तीच डॉक्टरला थांबवते. त्या मापात कॅपचं मटेरियल भरताना गनचं (मटेरियल सोडणाऱ्या पिचकारीचं) टोक आतच बुडवून ठेवायचं, नाहीतर बुडबुडे धरतात. मग माप तोंडात, आणि तिची नजर घड्याळावर. मटेरियल रबरासारखं असतानाच काढायचं. घाई केली तर वाकतं, उशीर झाला तर दातांच्या फटीत अडकून बसतं. जुनं पावडर-लिक्विडवालं ॲक्रिलिक तर घट्ट होताना तापतं, म्हणून पाणी मारत काढघाल करावी लागते. कडा आणि कार्बन पेपरवरचा चावा तपासणं डॉक्टरचं काम. ते न करताच पेशंटला उठवलं, तर हिरडी सुजणारच. तक्रार करायची तर त्याची करा.

फेविक्विक? अजिबात नाही. टेम्पररी सिमेंट मुद्दामच कच्चं असतं, कॅप पुन्हा काढायची असते म्हणून. फेविक्विक ओल लागताच धरतं; कॅप तिरकी बसली तर तशीच राहते, आणि उपटताना दाताचा टवका जाऊ शकतो. लोकलमध्ये चिक्की खाताना निघाली, तर डबीत ठेवा आणि क्लिनिकला फोन करा. आणि फ्लॉस वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा. बऱ्याच कॅपा तिथेच निघतात.