पाटील, सहा जण!

रविवारी रात्री सांगलीत सहकुटुंब शुद्ध शाकाहारी हॉटेलात जेवायला निघालाय? अभिनंदन. घरात गॅस आहे, भांडी आहेत, मंडईत कृष्णाकाठची वांगी आलीत, तरीही निघालाय म्हणजे छातीचे आहात. शिवाय सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून 1998 साली महानगरपालिका झालीय. महानगरात राहायचं आणि जेवायचं मात्र घरी, हे बरं दिसत नाही. मी गेल्याच रविवारी जाऊन आलो. आम्ही सहा जण होतो, त्यात पलूसहून आलेली माझी आत्या, वय वर्षं 81. जखम ओली आहे तोवर चार गोष्टी सांगून ठेवतो.

दारात एक मुलगा वही आणि माईक घेऊन उभा असतो. त्याला आपलं आडनाव पाटील सांगू नका. खरोखरचे पाटील असलात तरी सांगू नका. आम्ही सांगितलं. पंचवीस मिनिटांनी माईकवरून पुकारा झाला, "पाटील, सहा जण!" आणि बाकांवरून चार कुटुंबं एकदम उठली. त्यातल्या एका कुटुंबात माणसं चारच होती, पण त्यांनी गाडीतून ड्रायव्हरला बोलावलं, शेजारच्या बाकावरचं कुणाचं तरी पोर मोजलं आणि सहा भरवले. ते आत गेले. आम्ही आणखी पंचवीस मिनिटं बाहेर. तेव्हा तुम्ही चॅटर्जी सांगा. मुलगा लिहिताना अडखळेल, पण पुकारल्यावर एकच घर उठेल.

गाडी कुठं लावू, असं कुणाला विचारू नका. कुठंही लावलीत तरी ती कुणाच्या तरी दारातच असणार आहे.

बसल्याबसल्या वेटर विचारेल, "बाटली आणू का साधं?" यातलं 'साधं' हे उत्तर हळू आवाजात द्यावं. काही उपयोग नाही, तो ते पुढं ओरडून सांगणारच आहे, पण आपण आपली लाज राखावी.

मेनूकार्ड वाचत बसू नका. हल्ली तर ते टेबलावर चिकटवलेल्या चौकोनात असतं, फोन धरायचा आणि बोटानं सरकवत राहायचं. आत्यानं त्या चौकोनाकडं बघून विचारलं, "ही रांगोळी कशाची?" तर त्या रांगोळीत पनीरच्याच 27 भाज्या होत्या. मी मोजल्या, वेळ भरपूर होता. आता आतली गोष्ट ऐका. भटारखान्यात लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळीच शिजवून ठेवलेल्या असतात. लाल कांदा-टोमॅटोची. पांढरीत काजू, आणि काजू परवडेना झाला की मगज बी, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. ऑर्डर आली की डावभर ग्रेव्ही कढईत पडते. पनीर चौकोनी कापलं तर एक नाव, किसलं तर दुसरं, वरनं क्रीमची रेघ ओढली तर तिसरं, आणि उभी मिरची खोचली की 'तुफानी'. नावं 27, पातेली तीन. व्हेज कोल्हापुरी मागवणार असाल तर तुमची मर्जी. कोल्हापूर इथनं पन्नास किलोमीटरवर आहे, माझी सासुरवाडीच तिकडची, आणि आजवर तिथल्या एकाही घरात ही भाजी माझ्या ताटात पडलेली नाही.

कांदा-लसूण चालत नसेल तर 'जैन' म्हणायचं. सांगलीत एवढा शब्द पुरेसा आहे, निदान असायला हवा. कॅप्टन "हो हो सर" म्हणेल. तो ते ज्या वेगानं म्हणेल त्यावरून ओळखा की आत जाऊन तो कुणालाही काहीही सांगणार नाही. पांढऱ्या ग्रेव्हीत पुष्कळदा उकडून वाटलेला कांदाच असतो. तो दिसत नाही, म्हणून जैन.

रोट्या भाजीच्या आधी सांगा. भाजीबरोबर सांगितल्यात तर भाजी संपल्यावर येतील.

बिल तपासणं हे गावंढळपणाचं लक्षण आहे, ते टाळावं. हॉटेलच्या जेवणावर 2017 च्या नोव्हेंबरपासून 5 टक्के जीएसटी आहे, आपण जातो तसल्या हॉटेलात एसी असो की पंखा. अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. मालक छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असला तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापावंही लागतं. सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात घालायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 मध्ये ते कायम केलं. हे सगळं पाठ करून जा, आणि तिथं गेल्यावर मुकाट्यानं पैसे देऊन या. कारण बिल वाचायला लागतो वेळ, आणि तुमच्या खुर्चीमागं माणसं उभी आहेत.

हां. आता या उभं राहण्याबद्दल.

टेबल पटकन मिळवायचं असेल तर वही, माईक, नंबर हे सगळं भोळ्या माणसांसाठी आहे असं समजा. सरळ आत घुसायचं. दोन टेबलांमधल्या वाटेनं लोकांच्या ताटात बघत हिंडायचं. कुठं सूप चाललंय, तिथं थांबण्यात अर्थ नाही. जिथं जिरा राइस आलाय तिथं थांबायचं, कारण भात आला म्हणजे शेवट आला. त्या टेबलावरचं सगळ्यात म्हातारं माणूस हेरायचं आणि त्याच्या पाठीमागं उभं राहायचं, ते भांडत नाही. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा. मग तिथं पर्स अडकवायची. मग आपलं पोर दोन खुर्च्यांच्या मधे सरकवायचं, म्हणजे ते पापडाकडं बघत राहतं आणि जेवणाऱ्याचा घास अडकतो. मग फोन लावून मोठ्यानं सांगायचं, "हां, या आत. मिळालंय टेबल. उठाय लागल्यात आता."

उठाय लागल्यात! कोण उठाय लागलं होतं? आत्याची भाकरी नुकती आली होती. भाकरी आहे का विचारल्यावर कॅप्टन आत जाऊन चौकशी करून आला होता, आणि आमचे सगळ्यांचे भात होत आले तेव्हा ती एक भाकरी टेबलावर पोचली होती. आत्याची कवळी नवी आहे, अजून बसलेली नाही. तिनं भाकरी कुस्करून वाटीत घातली, वर ताक ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि बोटानं कालवत बसली. सावकाश. ती घरीही सावकाशच जेवते. मागची पर्स तिच्या खांद्याला एकदा लागली. आत्या पुढं सरकली. दुसऱ्यांदा लागली. आत्या वळून त्या बाईंना म्हणाली, "बसा की तुमी बी." बसायला जागा कुठं होती? पण तिला ते म्हणणं भाग होतं, कारण जन्मभर तिनं दारात उभ्या माणसाला बस म्हटलंय. बाई फोनमध्ये बघत होत्या. नवरा घड्याळात. पोरानं तोवर आमच्या मसाला पापडाचा तुकडा मोडून घेतला होता, ते जाऊ दे, पोर आहे, भूक लागली असेल.

आणि मग आत्यानं वाटी बाजूला सारली. निम्मी भाकरी तशीच ताकात. पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "ऊठ रं बाळा, त्यांची पंगत खोळंबली."

अहो, पंगतीत उठतात का असं? तिच्या पलूसला अजून शेवटच्या माणसाचं ताक पिऊन होईस्तोवर ओळीतलं पोरगंसुद्धा उठत नाही. दुसरी पंगत मांडवाबाहेर थांबते, ताटावर येऊन उभी राहत नाही. एक इयत्ता शिकली नाही ती बाई, तिला हे कळतं. तुम्ही एवढ्या मोठ्या गाडीतून आलात, पोराशी इंग्रजीत बोलत होतात, आणि 81 वर्षांची बाई तुमच्यामुळं अर्ध्या जेवणावरून उठली तेव्हा तुम्ही काय केलंत? ती काठी शोधत होती तोवर तुम्ही खुर्ची ओढून घेतलीत. साधं "बसा आजी, होऊ द्या तुमचं" एवढं तोंडातून निघालं नाही. लाज कशी वाटली नाही हो?

आणि गल्ल्यावरचे मालक, तुम्ही समोरच होतात. बघत होतात. दारात वही ठेवलीय, पोरगं ठेवलंय, माईक ठेवलाय, मग माणसं आत शिरतात कशी? वेटरला सांगून त्यांना बाहेर बसवायला तुमचं काय जात होतं? पण टेबल लवकर फिरलं तर तुम्हाला हवंच आहे. पाहुण्यांना उठवायचं काम दुसरे पाहुणे फुकटात करतात, वेटर कशाला पाठवायचा?

मीही तोंडात मारल्यासारखा गप्प होतो. बिल भरत होतो. त्यात ताकाचे 40 रुपये लावलेले होते, ते पुरते दिले.

परत येताना गाडीत आत्यानं विचारलं, "त्या पोरानं खाल्लं का रं काय?" मी काहीच बोललो नाही.

येत्या रविवारी आम्ही घरीच आहोत. आत्या अजून आठवडाभर आहे, भरली वांगी करणार आहे, भाकरी तव्यावरची. तुम्हीही या, पापडाला हात घालणाऱ्या त्या पोराला नक्की आणा. फक्त आत्याचं जेवण होईपर्यंत ओसरीवर थांबायचं. हाक मारतो.