चौक : नऊ चाळीस ते नऊ पन्नास

फ्लॉरेन्सच्या पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकात गावकरी शतकानुशतकं भांडत आले आहेत. आम्ही मात्र त्या चौकावरून व्हिसा यायच्याही आधी, पुण्यात, बैठकीच्या खोलीत भांडून घेतलं.

मंडळी अशी : मी, सौ., सासूबाई, मेहुणी, साडू आणि कोल्हापूरचे मामा. सूत्रं साडूंकडे, कारण एक्सेल त्यांना येतं. बाकीच्यांना फक्त मतं येतात.

दिवस ठरवण्यावरूनच पहिली ठिणगी पडली. सोमवारी उफित्सी संग्रहालय बंद, डेव्हिडचा अस्सल पुतळा असलेलं अकादेमिया बंद, आणि सासूबाईंचा उपवास. "बघा, तिकडेही सोमवार पाळतात," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, हे वाचून साडूंचा आवाज दाटून आला. पण त्या रविवारची रांग किती लांब असते त्याचे फोटो मेहुणीने दाखवले आणि विषय संपला. गुरुवारी चौकातला पलात्सो वेक्यो हा वाडा दुपारी दोनलाच दार लावतो. बुधवार ठरला. बुधवारी कोणाचा उपवास नव्हता, हे पुन्हा एकदा विचारून घेतलं.

मग दिवसाची आखणी. साडूंच्या तक्त्यात सकाळी कॅथीड्रलचा घुमट (463 पायऱ्या; सासूबाई आणि मामा खाली), साडेदहाला उफित्सी, दुपारी अकादेमिया. यांच्या मधल्या फटीत एक बारीक ओळ होती : 'चौक, 9.40 ते 9.50, फोटो.'

"दहाच मिनिटं?" मी विचारलं.

"तिकीट नाहीये त्याला," साडू म्हणाले.

साडूंचा हा सिद्धांतच आहे. ज्याला तिकीट नाही ते बघण्यासारखं नाही. असतं तर त्यांनी तिकीट लावलं नसतं का? युरोपातल्या माणसांना व्यवहार कळतो यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. मी पुस्तकं वाचून तयारीत होतो. म्हटलं, अहो, हा 1299 पासूनचा वाडा बाहेरून नुसता बघायलाच अर्धा तास हवा. मायकेलअँजेलोचा डेव्हिड 1504 साली याच दारात उभा केला. 1873 साली तो अकादेमियात हलवला आणि 1910 साली दारात त्याची नक्कल आली.

"म्हणजे नक्कल फुकट आणि अस्सलला तिकीट," साडू शांतपणे म्हणाले. सिद्धांत आणखी पक्का झाला.

मी नेट लावला. डेव्हिडशेजारचा हर्क्युलीसचा पुतळा बांदिनेल्ली या शिल्पकाराचा. त्याचा वैरी, चेल्लिनी या शिल्पकाराने, त्या पुतळ्याला खरबुजांचं पोतं म्हटलं होतं. पुढे 1554 साली त्याच चेल्लिनीचा, ग्रीक पुराणातल्या पर्सियस या वीराचा पुतळा समोरच्या लोज्जामध्ये, म्हणजे कमानींच्या उघड्या मंडपात, उभा राहिला. हातात मेदुसा राक्षसिणीचं तोडलेलं मुंडकं. तेव्हापासून दोन वैऱ्यांची कामं एकाच चौकात ऊनपाऊस खात उभी आहेत. याला म्हणतात भाऊबंदकी! सौ. म्हणाली, "आपल्याकडे घरबसल्या दिसते."

सवोनारोलाची गोष्ट मात्र चालली. 1497 साली या साधूने चौकात आरसे, गंगावनं, पत्ते, नट्टापट्ट्याचं सामान यांची होळी पेटवली. पुढच्याच वर्षी, 23 मे 1498 रोजी, त्यालाच त्याच चौकात फासावर चढवून जाळलं. जागेवर गोल दगड बसवला आहे. मेहुणीची प्रसाधनांची पेटी वेगळी असते, तिचं वजन विमान कंपनीलाही मान्य नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या दगडावर माझा एक फोटो हवा." चौक दहाचा बारा मिनिटं झाला.

इतका वेळ मामा गप्प होते, आणि कोल्हापूरचा माणूस गप्प असला की काळजी करावी.

"महाराजांचं काय?" ते म्हणाले.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, तिथल्या अधिकाऱ्यांच्या खास परवानगीने, त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. 1874 साली तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला, तो आजही आहे. शेजारचा पूलसुद्धा त्या 'भारतीया'च्याच नावाने ओळखतात. जागा कास्चिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला, चौकापासून पाचेक किलोमीटर.

साडूंनी तक्त्यात नवी ओळ घातली आणि सवयीने विचारलं, "तिकीट किती?"

"महाराजांना तिकीट?"

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"तसं नाही मामा, तो रकाना आहे…"

"रकाना काढ."

रकाना निघाला. सिद्धांतही निघाला असं मला वाटलं होतं. मामा इथेच थांबले नाहीत. त्या वर्षी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं आणि त्यांची लोकसभा याच चौकातल्या वाड्यात भरायची, असंही त्यांनी सुनावलं. म्हणजे आधी वाड्याला रामराम घालायचा, मग संगमावर जायचं. ही माहिती मी वाचलेल्या पुस्तकांतही होती, पण मी सांगितली असती तर कोणी ऐकलं नसतं. चौकाला अर्धा तास मिळाला. अकादेमिया अर्ध्या तासाने आखूड झालं.

प्रत्यक्षात बुधवारी चौकात पोचेपर्यंतच दहा वाजले. सासूबाई लोज्जाच्या पायरीवर बसल्या आणि डब्याला हात घातला. मेहुणी किंचाळली. शेजारच्या गल्ल्यांत फुटपाथवर बसून खाण्यावर 2018 साली नगरपालिकेने आदेश काढला होता, दंड 500 युरोपर्यंत. तिने पुण्यातच पाठ केला होता. डबा बंद. कॉफी घ्यावी म्हटलं तर काउंटरशी उभं राहून प्यायची एक किंमत, खुर्चीवर बसून प्यायची कितीतरी जास्त. आम्ही बाकीचे उभे. सासूबाईंच्या खुर्चीचे पैसे मामांनी भरले.

साडू दिसेनात. उफित्सीच्या वेळेला पंधरा मिनिटं उरलेली आणि सगळी तिकिटं त्यांच्या फोनमध्ये. शोधत गेलो, तर वाड्याच्या कडेला, नेपच्यूनच्या कारंज्याशेजारी, ते वाकून उभे. तिथे नगरपालिकेचा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. एक तोटी साध्या पाण्याची, दुसरी फसफसणाऱ्या. दोन्ही फुकट. साडूंनी आमच्या सगळ्यांच्या बाटल्या रांगेने मांडल्या होत्या, आणि त्यांच्यामागे एक जपानी कुटुंब अदबीने वाट बघत होतं.

"सोडा आहे हो, सोडा!" त्यांनी मला बाटली दाखवली. "नगरपालिकेचा!"

"साडेदहाची वेळ आहे उफित्सीची."

"तुम्ही व्हा पुढे," तिकिटं असलेला फोन माझ्या हातात कोंबत ते म्हणाले. "मी जरा लिंबू कुठे मिळतंय का बघतो."